कोरडा दिवस एकच

हवामानखात्याने आठवड्यात एकच दिवस कोरडा दिला,
गुरुवार.
एल्डनने तो मार्चपासून छपरासाठी मागून ठेवलेला,
आणि तोच व्हर्नाला हवा होता हिमनगासाठी.

व्हर्ना, माझी नणंद, अकरा वर्षांनी अल्बर्टाहून आलेली,
दोन मुलं, तीन बॅगा, परतीचं विमान शनिवारी.
तिच्या ब्रिनने बर्फ पाहिलाय म्हणे ढिगाने,
पण समुद्रावर तरंगणारा नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
अर्धं छप्पर बुधवारीच उघडं झालं होतं,
जुन्या शिंगलच्या पट्ट्या अंगणात,
आणि स्वयंपाकघरावर निळी ताडपत्री
रात्रभर फडफडत, जणू कोणी चादर झटकतंय.

एल्डन काही बोलला नाही.
पहाटे चारला हातोडीचा आवाज आला.
चहा मी शिडीवरूनच वर दिला.
साडेदहापर्यंत उत्तरेची बाजू झाली,
दक्षिणेची चिमणीपर्यंत, उरलेल्यावर ताडपत्री.
मग तो उतरला, गुडघे डांबराने माखलेले,
म्हणाला, "चला. दोनला परत."

सासरे यायला तयार होईनात.
अँब्रोज, वय एक्याऐंशी, चाळीस वर्षं कॉडमागे गेलेली.
"हिमनग बघायला पैसे?
माझी तीन जाळी फाडलीत त्यांनी.
चोराच्या घरी काय पाहुणा म्हणून जायचं?"
अंगणात खुर्ची टाकून बसले, खिळ्यांचा डबा मांडीवर,
वाकडे एकीकडे, सरळ एकीकडे.
"मी राखतो तुमचं छप्पर."

ट्विलिंगेटच्या धक्क्यावरून बोट सुटली.
हिमनग समोर आला तेव्हा सगळे गप्प झाले,
ब्रिनसुद्धा, जी जन्मल्यापासून गप्प नाही.
तो पांढरा नव्हता.
कडांना हिरवट, पोटात निळा,
आणि सगळीकडून गळत होता,
कपाळावरून धारा लागलेल्या.
"याला कोण शाकारणार?" मी एल्डनला म्हटलं.
त्याने ऐकलं नाही.
तो पाठ फिरवून पश्चिमेकडे बघत होता,
जिथे ढगांची करडी पट्टी
मघाशी बोटभर होती, आता वीतभर.
व्हर्नाने काढलेल्या फोटोत
मागे एवढा मोठा हिमनग, आणि पुढे
घड्याळ बघणारा माणूस.

नावाड्याने जाळ्याने एक तुकडा काढून दिला.
मुलांनी तो खिळ्यांच्या रिकाम्या बादलीत घातला.

घरी पोचायला चार झाले.
खुर्ची रिकामी.
एल्डनने मुद्दाम आडवी घातलेली शिडी, उभी.
ताडपत्री दुमडून बाजूला,
आणि चिमणीच्या वर एक नवी ओळ,
सुरुवातीला सरळ, मग हळूहळू
समुद्राकडे कललेली.
सासरे आत, रेडिओ लावून, हात स्वच्छ धुतलेले.

व्हर्ना ओरडली, रडली, पुन्हा ओरडली.
ते म्हणाले, "आणला का चोर?"
ब्रिनने बादली पुढे केली.
त्यांनी एक ढलपी फोडून रमच्या पेल्यात टाकली,
पेला कानाशी धरला.
कोंडलेली जुनी हवा तडतडत सुटत होती.
"माफी मागतोय," म्हणाले, आणि पेला
ब्रिनच्या कानाला लावला. "ऐक."

रात्री पाऊस आला, आडवा, खारट.
ताडपत्री पुन्हा ताणली होती, तरी
ठिबकलं एका ठिकाणी,
त्या ओळीच्या बरोबर खाली, फ्रिजच्या बाजूला.
कोणी काही बोललं नाही.
एल्डनने तीच बादली आणून ठेवली, उरलेल्या बर्फासकट,
आणि थेंबांचा आवाज पलीकडच्या खोलीत जाऊ नये म्हणून
मी तिच्यात टॉवेल टाकला.

सकाळी दोन तास उघडीप मिळाली.
खालून सासऱ्यांनी विचारलं, "गळलं का?"
एल्डन ओळीपाशी उकिडवा बसलेला, तोंडात चार खिळे.
मानेनेच म्हणाला, नाही.
मग पत्र्याची एक चीप
हळूच खाली सरकवली,
आणि पुढची ओळ
तिच्या कलाने घेत गेला.